कोरडवाहू दर्यावर्दी

आमच्या सोलापुरात पाण्याची गोष्ट निघाली, की नळाला पाणी आता किती दिवसांनी येणार इथून ती सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. समुद्र ही आमच्या लेखी भूगोलाच्या पुस्तकातली वस्तू. अशा गावात राहून मी शिडाच्या होडीवर लेख लिहायला बसलो आहे हे पाहून आमच्या सौ.ने "आता एवढेच राहिले होते!" असे म्हणत चहाचा कप टेबलावर जरा जोरातच ठेवला.

पण वाचकहो, होडीशी माझा धंद्यानेच संबंध आहे. मी मराठीचा प्राध्यापक. संतवाङ्मय शिकवायचे म्हणजे भवसागर आला, तारू आले, पैलतीर आला. वर्तमानपत्रातला अग्रलेख शिकवायचा म्हटले तरी राज्यशकटाच्या जोडीला राज्याचे सुकाणू असतेच. शीड, नांगर, वल्हे, डोलकाठी हे सगळे शब्द मी सोळा-सतरा वर्षे वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने वापरत आलो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, सुकाणू होडीच्या पुढे असते की मागे?" मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "अर्थातच पुढे. दिशा दाखवणारा मागे राहून कसे चालेल?" उत्तर मला स्वतःला इतके आवडले, की पुढची तीन वर्षे मी ते न विचारताच सांगत असे.

सुकाणू मागे असते. हे मला २०२४ च्या डिसेंबरात कळले. त्याची हकीकत पुढे येईलच.

होडीशी माझा दुसरा संबंध आहे तो मात्र थट्टेचा नाही. आमचे मूळ गाव करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठाला. पूर्वी भीमा ही नदी होती. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून लोक पलीकडे इंदापूर तालुक्यात जात, आणि त्यामुळे सगळ्या सोयरिकी काठाकाठांनी जुळलेल्या. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि त्या नदीचा यशवंतसागर झाला. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी त्यात मावते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक अचल, म्हणजे कालव्यात न येणारे. गावे उठली, देवळे बुडाली. पळसदेवचे जुने देऊळ तर पाणी फार उतरले म्हणजे अजूनही डोके वर काढते आणि मग लोक ते पाहायला जत्रेसारखे जातात. नदीचा सागर झाला, पण सोयरिकी आहेत तिथेच राहिल्या. माझी धाकटी बहीण अशीच पलीकडच्या काठाला दिलेली. गावाकडच्या ओसरीवर उभे राहिले की तिच्या गावचा टेकाडावरचा दिवा संध्याकाळी दिसतो. रस्त्याने जायचे तर मात्र धरणाला वळसा घालून निम्मा दिवस मोडतो. म्हणून भाऊबीजेला आम्ही लाँचने जात असू. लाँच म्हणजे काय, तर रुंद, उघडी, सपाट बुडाची होडी आणि मागे एक खोकणारे इंजिन. माणसे, शेरडे, डाळिंबांची खोकी आणि एखाददुसरी फटफटी असा सगळा संसार तीत बसे. मी आपला डबा मांडीवर घेऊन काठाकडे पाहत बसे. भीती कधी वाटली नाही. खरे म्हणजे विचारच केला नव्हता.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. त्या उन्हाळ्यात उजनी उणे पातळीत होती; वर्तमानपत्रे रोज धरण कोरडे पडल्याच्या बातम्या छापत होती. त्या कोरड्या धरणाने सहा माणसे घेतली. बहिणीचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही, नंतर एवढेच म्हणाली, "दादा, भाऊबीजेला तू रस्त्याने ये."

आलो रस्त्यानेच. पण एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. होडी उलटते म्हणजे नेमके काय होते? आणि जगात अशाही होड्या आहेत म्हणतात, की उलटल्या तरी पुन्हा सरळ होतात, ते कसे?

त्याच वर्षी नाताळच्या सुटीत आम्ही गोव्याला गेलो. सोलापूरहून विजापूर, बेळगाव आणि मग चोर्ल्याचा घाट. घाट उतरताना उजव्या-डाव्या हाताला जी दाट झाडी लागते ती म्हादईच्या खोऱ्यातली. हीच म्हादई खाली गेली की मांडवी होते. मेव्हण्यांच्या ओळखीचे एक निवृत्त दर्यावर्दी पणजीजवळ राहतात. मूळचे वेंगुर्ल्याचे, आयुष्य व्यापारी जहाजांवर गेले. त्यांच्याकडे स्वतःची शिडाची होडी आहे असे कळल्यावर मी एक सोलापुरी चादर घेऊन त्यांच्याकडे गेलो. प्राध्यापकाने रिकाम्या हाती कुणाकडे जाऊ नये. त्याच्या बोलण्याची भरपाई कशाने तरी व्हावी लागते.

कप्तानसाहेब (हेच नाव चालवू) सत्तरीचे, काटक, आणि पायांत फाटक्या रबरी चपला. त्यांची होडी मांडवीत नांगरलेली होती. लांबी सत्तावीस फूट, रुंदी नऊ फूट. आमच्या घरातला दिवाणखाना आणि त्यापुढची गॅलरी मिळून साधारण एवढीच जागा होते. दुरून ती मला फारच चिमुकली वाटली. "हिच्यातून समुद्रात जाता?" मी विचारले. "समुद्राला होडीची लांबी कळत नाही, मास्तर," कप्तान म्हणाले, "वजन कुठे ठेवले आहे तेवढे कळते."

होडीचे अंग पांढरेशुभ्र, गुळगुळीत, कुठे सांधा म्हणून नाही. फळी नाही, खिळा नाही. मी टिचकी मारून पाहिली. प्लॅस्टिकच्या बादलीचा आवाज येईल असे वाटले होते. आला तो चिनी मातीच्या जाड बरणीसारखा. "हे काय आहे ठाऊक आहे?" कप्तानांनी विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता सांगितले, "कापड."

आणि त्यांनी पेटीतून एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. वाचकहो, त्या क्षणी मला परगावात आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसे झाले. काचेच्या, केसाहून बारीक तंतूंच्या पट्ट्या, त्या एकमेकींत उभ्या-आडव्या गुंफलेल्या. सरळ सरळ ताणा आणि बाणा! सोलापूरच्या पूर्व भागात जो राहिला, ज्याने मागांच्या खटखटाटात झोप काढली, त्याला ही वीण कुठेही ओळखू येते. फायबरग्लास, फायबरग्लास म्हणतात ते हेच. ठिसूळ म्हणून बदनाम असलेली काच तंतूच्या रूपात ताणाला फार चिवट असते. मात्र ती एकटी उभी राहू शकत नाही. चादरीची घडी उभी राहील का? तिला रेझिन नावाच्या दाट रसात भिजवतात. त्या रसात दुसरे एक द्रव्य थेंबाथेंबाने मिसळले की तो आपोआप तापतो आणि काही वेळात दगडासारखा घट्ट होतो. काच ताण सोसते, रेझिन आकार धरून ठेवते.

होडी अशी करतात: आधी होडीच्या आकाराचा साचा. त्याला आतून मेण लावून चोपडा करायचा. मग रंगाचा दाट थर, त्याला जेलकोट म्हणतात. आपल्याला बाहेरून जी चकाकी दिसते ती हीच. म्हणजे होडी बाहेरून आत अशी घडत जाते, आपण घराला रंग शेवटी देतो त्याच्या अगदी उलट. मग काचेच्या तुटक तंतूंची गादी, तीवर रेझिन, मग विणलेले कापड, पुन्हा रेझिन, आणि दर थराला लोखंडी रूळ फिरवून आतली हवा काढून टाकायची. हवेचा बुडबुडा राहिला की तिथे पुढे दगा. असे थरावर थर. तळाशी अधिक, वर कमी. सगळे घट्ट झाले की साच्यातून होडी काढायची आणि त्याच साच्यात दुसरी ओतायला घ्यायची.

हे तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत आकाराला आले आणि १९६० नंतर इंग्लंड-फ्रान्सकडे त्याने मोठीच उलथापालथ केली. तोवर शिडाची होडी बाळगणे हे धनिकांचे काम; सुतार सहा-सहा महिने खपणार तेव्हा एक होडी होणार. साचा आला आणि शाळामास्तर, कारकून, पोस्टातला माणूस असे लोक हप्त्याने होड्या घेऊ लागले. हस्तलिखित पोथ्यांच्या जागी छापील पुस्तक आले तेव्हा आपल्याकडे जे झाले तेच. जुन्या सुतारांना ते आवडले नाही. पोथी लिहिणाऱ्यांनाही छापखाना आवडला नसणारच.

कप्तानांची होडी १९७९ ची, विलायती साच्यातली. पंचेचाळीस वर्षे झाली तरी अंग सडले नव्हते. फायबरग्लास सडत नाही, त्याला वाळवी लागत नाही, लाकडाचे सांधे दर वर्षी कापूस कोंबून बुजवावे लागतात तेही इथे नाही. "मग याला रोगच नाही म्हणायचा?" मी विचारले. कप्तान हसले. "माणसाने केलेल्या कुठल्या वस्तूला रोग नाही?" वर्षानुवर्षे पाण्यात राहिले की पाणी सूक्ष्म वाटांनी जेलकोटच्या मागे शिरते आणि तळाला देवीच्या फोडांसारखे फोड येतात. त्यांनी एका उन्हाळ्यात होडी किनाऱ्यावर घेऊन तळ खरवडला, महिनोन् महिने वाळू दिला आणि नवे थर चढवले. शिवाय दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी पुढे विसरलो नाही. फायबरग्लास पाण्याहून जड असते. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी निदान पृष्ठभागाशी लोंबकळत राहील, माणसाला धरायला काही उरेल. नुसत्या फायबरची, तीत इंजिनही बसवलेले, अशी होडी भरली तर सरळ तळाला जाते. म्हणून लहान उघड्या होडीत बाकांखाली बंद कप्पे करून त्यांत फेस भरतात, वाळून टणक होणारा, हलका. "कप्पा रिकामा असला आणि झाकण ढिले असले तर तो कप्पा नव्हे, ते नुसते बाक," कप्तान म्हणाले.

आता सुकाणू. मागे होते. मी दोनदा फिरून खात्री केली. एक उभी फळी, वर लाकडी दांडा. दांडा डावीकडे ढकलला की होडीचे तोंड उजवीकडे वळते. माझ्या सोळा वर्षांच्या अध्यापनाचा असा निकाल लागल्यावर मी जरा गप्पच झालो. तीन-चारशे विद्यार्थी आज महाराष्ट्रात सुकाणू पुढे आहे असे समजून वावरत असतील.

पण खरी गंमत तळाला होती आणि ती पाण्याखाली असल्यामुळे दिसत नव्हती. कप्तानांनी ती वहीत काढून दाखवली. आपल्या कोकणातले जुने कारागीर होडीच्या तळाच्या कण्याला पठाण म्हणतात. इंग्रजीतून आलेला शब्द कील. या होडीला तळाखाली माशाच्या परासारखा एक जाड पंखा होता आणि तो ओतीव लोखंडाचा. होडीचे एकूण वजन पावणेतीन टन, त्यांतले अकराशे किलो एकट्या त्या पंख्याचे. "लहानपणी ती बाहुली असायची ना," कप्तान म्हणाले, "बुडाला जड, कितीही आडवी पाडा, टुणकन उभी राहते? ती ही."

वारा शिडावर आदळला की होडी कलते. जसजशी कलते तसतसा तो लोखंडी पंखा बाजूला उचलला जातो आणि त्याचे वजन तिला परत ओढू लागते. जितकी अधिक कलेल तितकी ओढ अधिक. डोलकाठी पाण्याला टेकली तरी ओढ संपत नाही. उलट सपाट बुडाच्या रुंद होडीचे असे, की ती सुरुवातीला फार भरवशाची वाटते. काठावर पाय दिला तरी हलत नाही. कप्तानांची होडी मी पाय ठेवताच डुगडुगली होती आणि मी घाबरून दोर धरला होता. पण सपाट होडीची ही स्थिरता एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली, एक काठ पाण्याखाली गेला, पाणी आत आले आणि ते खालच्या बाजूला धावले, की तिला परत ओढणारे कुणीच नसते. त्यात माणसे घाबरून एकाच बाजूला सरकतात, नाही तर उभी राहतात. वजन वर चढते. मग सगळे एका क्षणात होते.

मी वहीतल्या त्या चित्राकडे पाहत राहिलो. कुगावच्या होडीत त्या संध्याकाळी नेमके काय घडले, ते तिथे नसलेल्या माणसाने सांगू नये. पण मी स्वतः ज्या होडीत मांडीवर फराळाचा डबा घेऊन बसत असे ती मला त्या वहीत स्पष्ट दिसली.

होडीच्या आत चार पायऱ्या उतरून जायचे. सौ. आणि कन्या दोघी आधी उतरल्या आणि खालून "अगोबाई!" असा आवाज आला. स्वयंपाकघर होते. हातभर ओटा, दोन शेगड्या. आणि शेगडी दोन खुंट्यांवर झोपाळ्यासारखी टांगलेली. होडी कलली तरी शेगडी सपाट राहते, आमटी सांडत नाही. आमची सौ. त्या शेगडीला हात लावून पाच मिनिटे झुलवत होती. बाकांखाली पाण्याच्या टाक्या, फळ्यांना पुढे चार बोटांची कड, म्हणजे डबे घसरू नयेत. चार माणसे झोपतील एवढी जागा. दर बिछान्याच्या कडेला कापडाचा पडदा, तो वर बांधून घेतला की झोपलेला माणूस गडगडत नाही. पाळण्याला बांधतात तसा. नकाशाचे टेबल, रेडिओ, तळाशी साचलेले पाणी उपसायचा हातपंप. उंची पाच फूट दहा इंच; माझी पाच अकरा. ही एका इंचाची उणीव माझ्या कपाळाला त्या दिवशी तीनदा जाणवली. कप्तानांनी मी आणलेली चादर लगेच बिछान्यावर घातली. ती बिछान्याहून मोठी निघाली. सोलापूरने चादर विणताना सत्तावीस फुटी होडी डोळ्यांसमोर ठेवली नव्हती हे उघडच आहे.

शिडावर आम्ही दोन तास हिंडलो. शीडही कापडच, पॉलिएस्टरचे, इतके घट्ट विणलेले की फुंकर आरपार जात नाही, आणि उन्हाने लवकर जुने होते म्हणून एरवी झाकून ठेवलेले. इंजिन बंद झाले आणि जी शांतता झाली तिचे वर्णन मी करणार नाही. प्रवासवर्णनांतल्या शांततांचा मला वाचक म्हणून कंटाळा आहे. वारा समोरून येत होता आणि तरी आम्ही पुढे जात होतो. सरळ नव्हे, वाऱ्याशी कोन धरून, आधी डावीकडे तिरपे, मग उजवीकडे तिरपे, घाटातल्या वळणांसारखे. हे होते कसे? "चिंचोका ओला करून दोन बोटांत दाबा," कप्तान म्हणाले, "तो कुठे जातो? पुढे सटकतो. शिडावरचा वारा हे एक बोट, कीलवरचे पाणी हे दुसरे."

दुपारी वारा वाढला तसे त्यांनी शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधला. मला तर काहीच झालेले दिसत नव्हते. "एवढ्यात?" मी विचारले. "शीड आवरावे की काय असे मनात आले ना, की समजावे उशीर व्हायला सुरुवात झाली," कप्तान म्हणाले.

परतताना ते आपल्या मुलखातल्या होड्यांविषयी अभिमानाने बोलत होते. १९६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्द्याने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम पुरी केली. त्याची बत्तीस फुटी 'सुहैली' मुंबईत बांधलेली, सागवानाची. पुढे दिवाडीच्या यार्डात रत्नाकर दांडेकरांनी नौदलासाठी 'म्हादेई' बांधली. (माणसाचे नावच रत्नाकर! कथेत असे लिहिले असते तर संपादकांनी खोडले असते.) छप्पन्न फुटी होडी; आराखडा हॉलंडचा; सीडर नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून अंग केलेले आणि त्याला आतून-बाहेरून काचेच्या कापडाचे अस्तर. २००९ च्या ऑगस्टात दिलीप दोंदे मुंबईहून तीतून एकटे निघाले आणि चार ठिकाणी थांबून २०१० च्या मे महिन्यात परतले. एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. याच 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता १५१ दिवसांत परतले. तिची बहीण 'तारिणी' २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना जगाभोवती घेऊन गेली. आम्ही मांडवीत हिंडत होतो तेव्हा तीच 'तारिणी' दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना घेऊन जगप्रदक्षिणेवर होती. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघालेल्या त्या दोघी २०२५ च्या मे अखेरीस परतल्या. माझ्या कन्येने एकदम विचारले, "दोघीच? मग झोपतात केव्हा?" पाळीपाळीने, आणि एकटा माणूस असला तर वाऱ्याच्या दिशेवर चालणारे एक लहानसे पान मागे बसवतात, ते सुकाणू सांभाळते.

याच टॉमींची २०१८ ची गोष्ट कप्तानांनी सांगितली तेव्हा मात्र ते थट्टा करीत नव्हते. 'सुहैली'च्या धर्तीवर दिवाडीतच बांधलेली 'थुरिया' घेऊन ते नॉक्स-जॉन्स्टनच्या काळच्याच साधनांनी चाललेल्या शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात होडी उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींची पाठ जायबंदी झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना काढले. तीन दिवस ते पडून राहिले ते त्याच होडीत, कारण उलटलेली होडी पुन्हा सरळ झाली होती आणि तरंगत होती. माणूस बरा झाला आणि २०२२ मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा गेला. या वेळी 'बायानात' नावाची छत्तीस फुटी फायबरग्लासची जुनी प्रवासी होडी घेऊन. वाटेत स्वयंचलित सुकाणूची पाती मोडली तेव्हा संडासाचे दार कापून त्याने काम भागवले, आणि २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला, दुसरा आला.

या सगळ्या सागर परिक्रमेचे मूळ शोधायला मात्र समुद्राकाठी जायला नको. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ही कल्पना धरून लावली, आणि ते राहत होते फलटणजवळ विंचुर्णीत. आमच्या माळशिरस-नातेपुत्याच्या पलीकडे, तशाच माळरानात. २०१८ मध्ये ते वारले. हे ऐकून मला, कोरडवाहू माणसाला, फार बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जाऊन आलो. यार्डाच्या फाटकाबाहेरूनच पाहिले; आत रेझिनचा उग्र वास आणि यंत्राचा आवाज. फेरीबोटीत माणसे, गाड्या, कोंबड्या, आणि भिंतीला रांगेने लटकवलेली तरंगती कडी. मी ती मोजली. ही खोड मला नवीनच लागली होती.

निघताना मी कप्तानांना उजनीचे विचारले. आमच्या होड्यांना कील लावता येईल का? त्यांनी विचार करून नकार दिला. उजनी उतरली की तळाला बुडालेल्या घरांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे असतात. साडेचार फूट खोल पंखा कशाला तरी अडकेल, काठाला तर लागणारच नाही. "तुम्हाला कील नको," ते म्हणाले. "माणशी एक जाकीट हवे, अंगात घातलेले, बाकाखाली ठेवलेले नव्हे. माणसे मोजून घ्यावीत, फटफटी घेऊ नये. आणि होडी हाकणारा असा हवा की त्याला नाही म्हणता आले पाहिजे."

शिरसोडी आणि कुगाव यांना जोडणारा पूल मंजूर झाला आहे. तो होईल तेव्हा होईल.

२०२५ च्या मे महिन्यात भाचीच्या साखरपुड्याची बोलणी ठरली. मामा म्हणून मी हजर असणे भाग होते. मी आदल्या दिवशी गावाला गेलो आणि बहिणीला न सांगता संध्याकाळी पाच वाजता काठावर गेलो. धीर आला होता म्हणा, किंवा वळशाच्या रस्त्याचा कंटाळा. होडी फायबरची होती, नव्या रंगाची. मी आत चढून आधी बाकाची फळी उचलून पाहिली. होडीवाला पोरगेला, तिशीचा. बिडी विझवून माझ्याकडे पाहत राहिला.

"काय हरवलं का, मास्तर?"

"याच्या खाली काय भरले आहे ते पाहतो आहे."

"फोम हाय," तो म्हणाला. "दोन्ही अंगाला. आमी बी रोज ह्येच्यातच बसतो की."

मी ओशाळलो आणि बसलो. पुढ्यात नारिंगी जाकीट होते, ते घातले. त्याचे बंद छातीवर कसे बांधायचे ते त्यानेच दाखवले. आणखी चार माणसे आली, त्यांनीही घातली. त्याने इंजिनाला दोरी गुंडाळली, ओढायला हात मागे नेला आणि थांबला. मावळतीकडे पाहत होता. मीही पाहिले. टेकडीच्या मागे हातभर काळे होते. बाकी सगळे आभाळ स्वच्छ, पाण्यावर सुरकुती नव्हती.

"उतरा," तो म्हणाला.

एक म्हातारेबुवा कुरकुरले, की अरे, दहा मिनिटांची तर वाट. मलाही मनातून तसेच वाटले होते, हे कबूल करतो. पलीकडे बहिणीच्या गावचे टेकाड अगदी हाताशी दिसत होते.

"आज न्हाई. सकाळी या. पैसं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि होडी दोराने काठावर ओढायला लागला. आम्ही सगळ्यांनी हात लावला. रस्त्यावर येईतो धुळीचा लोट अंगावर आला आणि मागे पाण्याचा आवाज सुरू झाला.

एका टेंपोतून, मग एसटीने, मग भाच्याच्या फटफटीवर असा मी वळसा घालून रात्री साडेअकराला बहिणीकडे पोचलो. ती जेवायची थांबली होती. "कुठून आलास?" तिने विचारले. "रस्त्याने," मी म्हणालो. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि ताट वाढायला घेतले. शर्टाच्या खिशातून जाकिटाचा तुटका नारिंगी बंद बाहेर लोंबत होता, तो मला हात धुताना दिसला.